सामोएड कुत्र्याचा नमुना मधुमेहाच्या जनुकीय संशोधनासाठी कसा द्यावा

सायबेरियातून आलेला पांढरा, दाट केसांचा सामोएड हा मधुमेहाचा धोका अधिक असलेल्या जातींपैकी एक आहे, तर बॉक्सरमध्ये हा आजार क्वचितच आढळतो. एकाच जातीच्या कुत्र्यांचे पूर्वज थोडे आणि समान असल्यामुळे आजाराशी निगडित जनुके शोधणे माणसांच्या तुलनेत सोपे जाते. ब्रिटनमधील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रतिकारशक्तीशी संबंधित, कुत्र्यांमधील डीएलए नावाच्या जनुकांचे काही विशिष्ट संच मधुमेही कुत्र्यांत अधिक प्रमाणात आढळले. मात्र तसा संच असलेला प्रत्येक कुत्रा आजारी पडत नाही. म्हणूनच आणखी नमुन्यांची गरज भासते.

सर्वप्रथम निदान पक्के करून घ्यावे. खूप पाणी पिणे, वारंवार लघवी होणे आणि भूक चांगली असूनही वजन घटणे या लक्षणांच्या जोडीला रक्तातील साखर सतत वाढलेली असणे आणि लघवीतही साखर सापडणे आवश्यक आहे. ब्रिटनमधील प्रयोगशाळा साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये देतात. त्या आकड्याला १८ ने गुणले की आपल्या ओळखीचे मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर मिळतात. कुशिंगचा आजार (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होणे), स्वादुपिंडाचा दाह किंवा स्टेरॉइडची औषधे यांमुळेही साखर वाढते, याची नोंद पशुवैद्यकाकडून आवर्जून करून घ्यावी. नसबंदी न झालेल्या मादीच्या बाबतीत ती शेवटची माजावर कधी आली होती तेही लिहावे, कारण माज ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाने वाढसंप्रेरक अधिक स्रवते, इन्सुलिन निष्प्रभ ठरू लागते आणि मधुमेह उद्भवू शकतो. अशी मादी इतरांबरोबर एकाच गटात मोजली गेली, तर सगळा निष्कर्ष धूसर होतो.

रक्ताचा नमुना जांभळ्या टोपणाच्या, म्हणजे ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन असलेल्या नळीत घेतला जातो. रक्त गोठू नये म्हणून नळी न हलवता-झटकता हळुवारपणे काही वेळा उलटसुलट करावी. ब्रिटनमध्ये केवळ संशोधनासाठी कुत्र्याचे रक्त काढण्यावर प्राण्यांवरील वैज्ञानिक प्रयोगांसंबंधीच्या १९८६ च्या कायद्याचे निर्बंध आहेत, त्यामुळे तपासणीसाठी काढलेल्या रक्तातील उरलेला भाग मालकाच्या लेखी संमतीने देण्याची पद्धत आहे. रक्त शक्य नसेल तर गालाच्या आतल्या बाजूचा स्वॅब (बोळा लावलेल्या काडीवर घेतलेला पेशींचा नमुना) चालतो, परंतु त्याआधी निदान तासभर कुत्र्याला काही खाऊ घालू नये, दुसऱ्या कुत्र्याच्या भांड्यात तोंड घालू देऊ नये आणि स्वॅब पूर्ण वाळल्यावरच कागदी पाकिटात ठेवावा. दूध पिणाऱ्या पिल्लांचा स्वॅब घेणे टाळावे, कारण त्यात आईच्या पेशी मिसळलेल्या असू शकतात.

आजारी कुत्र्याइतकाच निरोगी म्हातारा कुत्रा मोलाचा असतो, आणि नेमके हेच बहुतेक मालकांच्या लक्षात येत नाही. मधुमेह सहसा मध्यम वयात किंवा उतारवयात प्रकटतो, त्यामुळे तीन वर्षांचा धडधाकट सामोएड तुलनेसाठी जवळजवळ निरुपयोगी ठरतो. दहा वर्षांचा, साखर तपासून निरोगी ठरलेला आणि आजारी कुत्र्याशी जवळचे नाते नसलेला सामोएड हवा. हे नाते तपासण्यासाठी नोंदणी प्रमाणपत्राची आणि किमान तीन पिढ्यांच्या वंशावळीची प्रत सोबत जोडावी. आपल्याकडे वंशावळ पाहून कुत्रा घेणारे पुष्कळ असतात, पण त्याच कागदावर आजोबा-पणजोबांचे आजार टिपून ठेवणारे विरळाच.

असे संशोधन गटाचा अभ्यास करते, त्यामुळे आपल्या कुत्र्याचा स्वतंत्र अहवाल मिळेलच असे गृहीत धरू नये आणि केवळ त्या आधारावर प्रजननाचा निर्णयही घेऊ नये. निरोगी म्हणून नोंदवलेल्या कुत्र्याला पुढे मधुमेह झाला, तर ते संशोधकांना तत्काळ कळवावे, म्हणजे त्याचा नमुना तुलनेच्या गटातून काढून रुग्णांच्या गटात घेता येतो.