नवा फोन: डेटा कसा हलवायचा, मेमरी कार्ड कोणतं घ्यायचं

फोन बदलताना फोटो सहसा सुखरूप पोचतात, कारण सगळ्यांचं लक्ष फोटोंवरच असतं. हरवतं ते दुसरंच: रेकॉर्ड केलेला आजीचा आवाज, डाउनलोड्समध्ये पडलेला सातबाऱ्याचा पीडीएफ, व्हॉट्सॲपवरचं पाच वर्षांचं बोलणं. याचं कारण साधं आहे. ‘फोनमधला डेटा’ असं एक गाठोडं नसतंच. नंबर बहुधा गूगल खात्यात असतात, गप्पा व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या फाइलमध्ये, यूपीआयची नोंदणी तुमचं सिम आणि तो विशिष्ट फोन या जोडीवर, तर फोटो फोनच्या पोटात किंवा कार्डावर. ज्याचं घर वेगळं, त्याची हलवण्याची रीतही वेगळी. जागा किती हवी आणि कुठे हवी, हेसुद्धा त्यावरूनच ठरतं.

दुकानात जाण्याआधी जुना फोन उघडा

सेटिंग्ज, मग स्टोरेज. तिथे दोन आकडे बघा: एकूण किती जागा भरली आहे आणि त्यात फोटो-व्हिडिओ किती आहेत. मग गॅलरीत मागे जाऊन बरोबर एक वर्षापूर्वीपासूनचे फोटो-व्हिडिओ निवडा. काही गॅलरींमध्ये निवडलेल्यांचा एकूण आकार दिसतो. ही तुमची वर्षाची वाढ.

हिशोब असा करायचा: आजचा वापर, अधिक वर्षाची वाढ गुणिले फोन जितकी वर्षं वापरणार ती, अधिक वर २० टक्के मोकळी जागा. समजा आज ८० जीबी भरले आहेत, वर्षाला २५ जीबी वाढतात आणि फोन चार वर्षं वापरायचा आहे. ८० अधिक १०० म्हणजे १८०, त्यावर २० टक्के धरले की २१६. म्हणजे २५६ जीबीचा फोन. १२८ जीबीचा घेतलात तर दुसऱ्या वर्षीच ‘स्टोरेज फुल’ सुरू होईल, कारण त्यातले साधारण १५ ते २५ जीबी सिस्टिमच खाते. मोकळी जागा फार कमी उरली की फोन मंदावतो आणि अपडेट बसत नाहीत, म्हणून ते २० टक्के वगळू नका.

व्हिडिओ काढणाऱ्यांनी एक अंदाज मनात ठेवावा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं: १०८०पी, ३० फ्रेमला मिनिटाला सुमारे ६० एमबी, ४के ३० फ्रेमला १७० एमबी, ४के ६० फ्रेमला ४०० एमबी. मुलीच्या गॅदरिंगचा वीस मिनिटांचा नाच ४के ६० मध्ये काढला तर ८ जीबी गेले. तोच १०८०पीमध्ये सव्वा जीबीच्या आत बसतो, आणि फोनवर बघताना दोहोंतला फरक क्वचितच जाणवतो.

बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनमध्ये ‘रॅम वाढवा’ (रॅम म्हणजे चालू ॲपना काम करायला लागणारी तात्पुरती जागा) अशी सोय चालू करून दिलेली असते. ती वाढीव रॅम स्टोरेजमधूनच घेतलेली असते, ४ किंवा ८ जीबी. मुळात पुरेशी रॅम असेल तर ती बंद करून जागा परत घ्या.

कार्डाची खाच आहे का, आणि कशी आहे

आयफोनला मेमरी कार्डाची खाच कधीच नव्हती, गूगल पिक्सेललाही नाही. सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस मालिकेत २०२१ च्या एस२१ पासून काढून टाकली. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या अँड्रॉइड फोनमध्ये अजून मिळते, पण तिथेही एका मॉडेलला असते, पुढच्याला नसते. म्हणून जाहिरातीवर न जाता त्याच मॉडेलच्या तांत्रिक माहितीत बघा.

असलीच तर दुकानात सिमचा ट्रे बाहेर काढून डोळ्यांनी बघा. ट्रेवर तीन वेगळे खड्डे असतील तर दोन सिम आणि कार्ड एकत्र चालतं. दोनच खड्डे असतील आणि दुसऱ्याच्या कडेला सिम आणि मायक्रोएसडी दोन्ही छापलेलं असेल, तर तो हायब्रिड ट्रे: दुसरं सिम तरी, नाहीतर कार्ड तरी. घरचा एक आणि कामाचा एक असे दोन नंबर वापरणाऱ्याला हे घरी आल्यावर कळतं आणि घेतलेलं कार्ड पाकिटातच पडून राहतं. यावर मार्ग म्हणजे एक नंबर ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच नोंदलेलं सिम) करणं, पण त्याचा फोन बदलण्याच्या दिवसाशी असलेला संबंध पुढे वाचा आणि मगच करा.

कार्डावरची अक्षरं

मायक्रोएसडीवर नखाएवढ्या जागेत बरंच छापलेलं असतं. उजेडात धरून वाचा.

एचसी म्हणजे ३२ जीबीपर्यंतची कार्डं, एक्ससी म्हणजे त्यापुढची २ टीबीपर्यंत. एचसी कार्डं फाइल साठवण्याच्या फॅट ३२ या जुन्या पद्धतीची असतात आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसतच नाही. लग्नाचा मोठा व्हिडिओ कॉपी होताना ‘जागा नाही’ असं येतं, कार्डावर तर २० जीबी मोकळे दिसतात. बिघाड कार्डात नाही, पद्धतीत आहे. ६४ जीबी किंवा पुढचं कार्ड एक्सफॅट या नव्या पद्धतीचं असतं, त्याला ही अडचण नाही.

वेगासाठी गोलातला १०, इंग्रजी यूच्या आतला १ किंवा ३, आणि व्ही१०, व्ही३० ही चिन्हं असतात. १०, यू१ आणि व्ही१० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लेखन, यू३ आणि व्ही३० म्हणजे किमान ३० एमबी. वरचा ४०० एमबी मिनिटाचा व्हिडिओ सेकंदाला ७ एमबीच्या आत लिहिला जातो, म्हणजे कागदावर यू१ पुरतं. तरीही आमचा आग्रह व्ही३०चा आहे. कार्ड भरत आलं, तापलं की वेग खाली येतो आणि चित्रीकरण मध्येच थांबतं, तेव्हा हाताशी थोडी ढील असलेली बरी. व्ही६०, व्ही९० मात्र घेऊ नका. त्या वेगाने लिहिण्याची फोनच्या खाचेची ताकदच नसते, पैसे वाया जातात. पाकिटावर ठळक छापलेला ‘१५० एमबी पर्यंत’ हा आकडा वाचनाचा असतो, लेखनाचा नव्हे.

ए१ आणि ए२ ही चिन्हं कार्डावर ॲप ठेवणाऱ्यांसाठी. ए२ चा फायदा फोनने त्याला साथ दिली तरच मिळतो, आणि ॲप कार्डावर ठेवूच नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. कार्ड फोनच्या आतल्या चिपपेक्षा कितीतरी हळू असतं. फोटो, व्हिडिओ, गाणी, अभ्यासाचे पीडीएफ यांसाठी ते उत्तम. व्हॉट्सॲपमध्ये आलेले फोटो-व्हिडिओ थेट कार्डावर साठवायची सोय नाही, ते फोनच्या पोटातच जमतात. म्हणून ‘कार्ड टाकू, १२८चा फोन चालेल’ हा हिशोब व्हॉट्सॲपवर शंभर ग्रुप असणाऱ्याचा चुकतो.

काही फोन कार्ड टाकताना विचारतात: वेगळं स्टोरेज म्हणून वापरू की फोनचाच भाग करू? दुसरा पर्याय घेऊ नका. मग ते कार्ड त्या फोनच्या किल्लीने कुलूपबंद होतं. फोन पडला, बंद झाला, की कार्डावरचं काहीही दुसऱ्या फोनमध्ये किंवा संगणकावर वाचता येत नाही. जुन्या फोनमध्ये असं केलेलं असेल किंवा कार्ड एन्क्रिप्ट केलेलं असेल, तर फोन चालू आहे तोवरच सगळं बाहेर काढा.

खोटं कार्ड कसं ओळखायचं

१२८ जीबीचं कार्ड संगणकावर ११९ दिसतं, ती फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या. खरी फसवणूक वेगळी असते: ३२ जीबीच्या कार्डाला ‘मी १ टीबी आहे’ असं सांगायला शिकवलेलं असतं. पहिले ३२ जीबी नीट लिहिले जातात. पुढचं नुसतं नावापुरतं दिसतं, फाइल उघडली की राखाडी चौकट. हे महिन्या-दोन महिन्यांनी कळतं, तोवर मूळ फोटो फोनमधून पुसलेले असतात.

म्हणून कार्ड आलं की पहिल्याच दिवशी, परत करण्याची मुदत असताना, ते पूर्ण भरून तपासा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम हेच करतो: अख्खं कार्ड भरतो आणि परत वाचून जुळवतो. १२८ जीबीला दोन-अडीच तास धरा. संगणक नसेल तर एक मोठा व्हिडिओ पुन्हा पुन्हा कॉपी करून कार्ड गच्च भरा आणि पहिली, मधली, शेवटची फाइल चालवून बघा. नंतर कार्ड फोनमध्येच फॉरमॅट करा. मुंबईत लॅमिंग्टन रोड असो की पुण्यात तपकीर गल्ली, सीलबंद पाकीट आणि पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय वॉरंटीला अर्थ नाही.

खाच नसेल तर दोन तोंडांचा पेनड्राइव्ह, एक टाइप-सी आणि एक नेहमीचं यूएसबी, सर्वांत सोपा. महागडी एसएसडी (वेगवान बाहेरची डिस्क) घेण्याआधी फोनचं यूएसबी कोणतं ते बघा. २.० असेल तर सेकंदाला ३०-४० एमबीच मिळतात, एसएसडी कितीही वेगवान असो. साधा आयफोन १५ सुद्धा २.० च आहे, प्रो मॉडेल वेगवान आहेत. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, विंडोजची एनटीएफएस पद्धत बऱ्याच अँड्रॉइड फोनना वाचता येत नाही. काही फोनमध्ये ओटीजी (फोनला पेनड्राइव्ह जोडण्याची सोय) सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि दहा मिनिटं वापर नसेल तर ते आपोआप बंद होतं. ‘पेनड्राइव्ह दिसत नाही’ या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं.

हलवण्याचा दिवस

दोन्ही फोन निम्म्यापेक्षा जास्त चार्ज करा. नवा फोन पहिल्यांदा चालू करताना ‘जुन्या फोनमधून घ्या’ असं विचारतो, तिथे ‘नंतर’ दाबू नका. केबलने केलं तर ६० जीबीला अर्धा-पाऊण तास लागतो, वायफायने जास्त. जुना फोन दिसतच नसेल तर केबल बदला, काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. अँड्रॉइडवरून आयफोनकडे जाताना जुन्या फोनवर ‘मूव्ह टू आयओएस’ ॲप लागतं.

यात ॲप येतात, पण बहुतेकांत लॉगिन पुन्हा करावं लागतं. नंबरांपैकी काही सिमवर किंवा फोनमध्ये साठवलेले असू शकतात, म्हणून कॉन्टॅक्ट्समधून एक्स्पोर्ट करून ती फाइल स्वतःला मेल करा. कॉल आणि आवाजाची रेकॉर्डिंग, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे फोल्डर कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर हाताने कॉपी करा आणि दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवा. दोन टप्प्यांच्या लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप असेल तर त्यातली खाती जुना फोन पुसण्याआधी नव्यात न्या. एम-आधार एका वेळी एकाच फोनवर चालतं, तिथे पुन्हा नोंदणी आलीच.

व्हॉट्सॲपसाठी नव्या फोनवर ॲप टाका, तोच नंबर टाकून ओटीपी द्या. मग जुन्या फोनमधून गप्पा घेण्याचा पर्याय येतो आणि क्यूआर कोड दिसतो. जुन्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स इथून तो स्कॅन करा. दोन्हीकडे वायफाय आणि लोकेशन चालू हवं. यात गूगलच्या १५ जीबीची अडचण येत नाही. ड्राइव्हवरच्या बॅकअपने करायचं तर तो आता त्याच १५ जीबीत मोजला जातो, हे लक्षात असू द्या.

इथे सर्वांत महागात पडणारी चूक होते. घाईत ‘स्किप’ दाबलं जातं, व्हॉट्सॲप रिकामं उघडतं, आणि ‘उद्या बघू’ म्हणून तसंच राहतं. रोजचा बॅकअप चालू असेल तर रात्री तो रिकामा बॅकअप ड्राइव्हवरच्या जुन्याची जागा घेतो. रिकामं उघडलं तर त्याच क्षणी ॲप काढून टाका, पुन्हा टाका आणि पहिल्यापासून करा. बॅकअपला पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली लावली असेल तर ती आधीच शोधून ठेवा, तिच्यावाचून तो उघडत नाही.

यूपीआय आणि सिम

जुन्या फोनवर यूपीआय लाइट (छोट्या खर्चासाठी पिनशिवाय चालणारं पाकीट) वापरत असाल तर आधी ते बंद करा, म्हणजे त्यातली शिल्लक खात्यात परत येते. ती रक्कम त्या फोनशी बांधलेली असते.

नव्या फोनवर यूपीआय ॲप तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवून ओळख पटवतं. बँकेत नोंदलेलं सिम नव्या फोनमध्येच हवं, त्यावर एसएमएस जाईल इतका रिचार्ज हवा, आणि दोन सिम असतील तर ॲपमध्ये योग्य ते निवडायला हवं. पिन तोच राहतो, बदलायची गरज नसते.

सिम बदललं किंवा ई-सिम करून घेतलं की २४ तास एसएमएस बंद राहतात. फसवणूक रोखण्यासाठी घातलेला हा नियम आहे. त्या दिवशी ओटीपी येणार नाही, यूपीआय जुळणार नाही. म्हणून फोन आणि सिम एकाच दिवशी बदलू नका. आधी जुनं सिम नव्या फोनमध्ये घालून सगळी लॉगिन पूर्ण करा, ई-सिमचं नंतर बघा. तेही दवाखान्याची वेळ, प्रवास किंवा हप्त्याची तारीख नसेल असा दिवस धरून.

जुना फोन

पंधरा दिवस तो जसाच्या तसा ठेवा. काय राहून गेलं ते या दिवसांत एकेक करून आठवतं. मग सिम आणि कार्ड काढा, कार्ड काढताना सेटिंग्जमधून ‘इजेक्ट’ करूनच. स्क्रीनलॉक आणि गूगल खातं काढा, आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट करा. खातं न काढता बटणं दाबून रीसेट केलं तर फोन नव्या मालकाला तुमचा जुना पासवर्ड मागत बसतो. देण्याआधी एकदा चालू करून पहिल्या दोन-तीन पायऱ्या पुढे जा. आधीच्या खात्याबद्दल काही विचारलं नाही, की तो द्यायला मोकळा.