माइकच्या जाळीला झटका लागतो तेव्हा

माइक तोंडाजवळ नेला आणि ओठाला झिणझिण्या आल्या, की मंडपातला साउंडवाला सांगतो, "पायात चप्पल घाला." चपलेवर त्या गायकाचं गाणं निभावतं. जाळीवर आलेला करंट मात्र तिथेच राहतो आणि पुढचा माणूस अनवाणी आरती म्हणायला येतो.

हा करंट दोन प्रकारचा असतो. मिक्सर, कीबोर्ड, ॲम्प्लिफायर यांच्या हल्लीच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे एकेक छोटा कपॅसिटर जातो. खरखर अर्थमध्ये सोडणं हे त्याचं काम. अर्थ तुटलेली असली की बॉडी निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर असेल तर गळती साधारण ०.१६ मिलिअँपिअर. एकट्या यंत्राची ही गळती जेमतेम जाणवते, पण अर्थ नसलेल्या एकाच एक्स्टेंशनवर अशी दहा यंत्रं लावली की बेरीज दीड मिलिअँपिअरच्या पुढे जाते. दुसरा प्रकार जीवघेणा: आतली फेजची वायर घासून बॉडीला टेकलेली. तेव्हा जाळीवर पुरे २३० व्होल्ट येतात.

टेस्टर दोन्ही वेळा पेटतो, त्यामुळे त्याच्यावरून निवाडा करू नका. डिजिटल मीटरही गळतीला शंभरएक व्होल्ट दाखवून घाबरवतो. खात्री करायची तर बॉडी आणि चांगली अर्थ यांच्यामध्ये १५ वॅटचा फिलामेंटचा बल्ब लावा (एलईडी नको, तो किरकोळ गळतीवरही मिणमिणतो). नुसती गळती असेल तर बल्ब पेटत नाही आणि मीटरवरचं व्होल्टेज कोसळतं. फेज टेकलेली असेल तर बल्ब लख्ख पेटतो किंवा आरसीसीबी (करंटची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडते. असं यंत्र तिथेच बाजूला काढायचं.

पण सुरुवात यंत्रापासून करू नका, सॉकेटपासून करा. मीटर एसी व्होल्टवर, ६०० व्होल्ट कॅट थ्रीचा (हा मीटरवर छापलेला सुरक्षेचा दर्जा), लाल प्रोब व्होल्टच्याच भोकात. सॉकेटमध्ये प्रोब घालायची सवय नसेल तर हे काम वायरमनचं. फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ २३० आणि न्यूट्रल-अर्थ एकदोन व्होल्ट आले तर ठीक. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्हीकडे अधांतरी आकडे आले तर अर्थ कुठेच पोचलेली नाही. न्यूट्रल-अर्थ २३० आणि फेज-अर्थ शून्य असेल तर फेज-न्यूट्रल उलटे आहेत.

सर्वांत फसवा आकडा म्हणजे भार चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य. बऱ्याचदा कोणीतरी सॉकेटच्या मागेच न्यूट्रल आणि अर्थ एका तारेने जोडलेली असते. पुरवठ्याच्या बाजूला न्यूट्रल सुटली की सगळ्या बॉडी फेजवर येतात. त्यातच फेज-न्यूट्रल उलटे असले तर मीटर तिन्ही आकडे बरोबर दाखवतो आणि मिक्सर मात्र जिवंत असतो! म्हणून एकदा सॉकेटच्या अर्थपासून थेट जमिनीतल्या वेगळ्या रॉडपर्यंत व्होल्टेज मोजाच.

मग मंचावर या. माइकची जाळी केबलच्या शील्डमधून (आतल्या तारांभोवतीचं धातूचं वेष्टण) मिक्सरच्या बॉडीला जोडलेली असते, गिटारच्या तारा गिटार ॲम्पच्या बॉडीला. दोघांचा पुरवठा वेगवेगळ्या बोर्डांवरून असला तर ओठ आणि बोटं यांच्यामध्ये गायक स्वतःच वायर बनतो. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे अर्थ नसलेल्या माइकला हात लागून मंचावरच गेला. कार्यक्रमाआधी जाळी आणि तारा यांच्यात मीटर धरा. एकदोन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कोणालाही माइक देऊ नका. बॅटरीवरचा कॉर्डलेस माइक दिला तर ही साखळी माइकपाशी तुटते, पण मूळ दोष शोधायचा राहतोच.

मंडपासाठी अर्थिंगचा रॉड म्हणून अडीच मीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप ओल्या जागी ठोकतात, ते योग्यच. मंडपाच्या लोखंडी खांबाला किंवा नळाला वायर गुंडाळणं म्हणजे अर्थिंग नव्हे. नळाच्या मागे बहुधा प्लास्टिकचा पाइप असतो. तरीही एकट्या रॉडवर भरवसा ठेवू नका. रॉडचा रोध १० ओहम धरला तर दोषाच्या वेळी २३ अँपिअर वाहतील. तेवढ्यावर १६ अँपिअरची एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच) कित्येक मिनिटं, कधी तासभरही पडणार नाही आणि तोवर बॉडी जिवंत राहील. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र क्षणात पडते, म्हणून मंचाच्या बोर्डावर ती हवीच. रोज सुरू करण्याआधी तिचं टेस्ट बटण दाबा.

जनरेटर असेल तर आणखी एक गोम. छोट्या पोर्टेबल जनरेटरची न्यूट्रल अनेकदा कशालाच जोडलेली नसते. मग गळतीला परतीची वाट नाही आणि आरसीसीबी नुसती शोभेची राहते. न्यूट्रल जनरेटरपाशी एकाच ठिकाणी अर्थला जोडून घ्या, बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ द्या. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायचं.

आता हम. स्पीकरमधून ५० हर्ट्झची घूंऽ सुरू झाली की पकड घेऊन प्लगची अर्थची जाड पिन कापणारे खूप भेटतात. घूं थांबते, कारण अर्थचा लूप (यंत्रं दोन वाटांनी अर्थला जोडली गेल्याने बनलेलं वर्तुळ) तुटतो. त्याबरोबर माणसाचं संरक्षणही तुटतं. लूप सिग्नलच्या बाजूने तोडायचा असतो. आधी मिक्सर, ॲम्प आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर घ्या, निम्म्या वेळा एवढ्यानेच भागतं. नाहीतर लॅपटॉप किंवा कीबोर्डला ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायची डबी) लावून त्याचं ग्राउंड लिफ्ट, म्हणजे अर्थची जोडणी तोडणारं, बटण दाबा. मिक्सर ते ॲम्पच्या एक्सएलआर (माइकसारख्या तीन पिनांच्या) केबलवर ॲम्पच्या टोकाला पहिल्या पिनवरची शील्ड सोडली तरी चालते, पण त्या केबलवर ठळक खूण करा. चुकून ती कंडेन्सर माइकला लागली तर माइक मुका होईल, कारण ४८ व्होल्टच्या फँटमचा (मिक्सर केबलमधूनच अशा माइकला देतो त्या विजेचा) परतीचा रस्ता त्याच पिनमधून जातो.

कोणी चिकटलाच तर त्याला हात लावू नका, आधी मेन स्विच पाडा. स्विच दूर असेल तर कोरड्या बांबूने माइकस्टँड बाजूला ढकला. श्वास नसेल तर १०८ ला फोन लावायला सांगून लगेच छाती दाबायला घ्या: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. मोठा झटका लागूनही उठून बसलेल्या माणसाला दवाखान्यात नेऊन ईसीजी काढा.