सेकंड इयरचं इंटरॅक्टिव्ह इन्स्टॉलेशन : सेन्सरपासून भिंतीपर्यंत

डिजिटल मीडियाला असाल तर कधी ना कधी हा प्रोजेक्ट मानगुटीवर बसणारच, म्हणजे समोर माणूस आला की भिंतीवर काहीतरी घडलं पाहिजे. ज्युनियर्स दरवर्षी तेच तेच विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. उदाहरण माझंच घेते: भिंतीवर ठिपक्यांची रांगोळी, माणूस लांब असला की नुसते ठिपके, जसजसा जवळ येईल तसतशा रेषा जोडल्या जातात. बस, एवढंच. एक इनपुट, एक आउटपुट. क्रिटला (शिक्षकांसमोर कल्पना मांडायची चर्चा) व्हीआर, एआय, सेन्ट सोडणारं मशीन असली स्वप्नं मांडणारे शेवटच्या आठवड्यात कुठे असतात ते बघालच.

सामान काय तर आर्डुइनो उनो (सेन्सर वाचून आकडे यूएसबीने लॅपटॉपला पाठवणारा छोटा सर्किट बोर्ड), एचसी-एसआर०४ हा आवाजाने अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, जंपर वायर, लॅपटॉप आणि कॉलेजचा प्रोजेक्टर. ऑनलाइन मागवा हरकत नाही, पण सबमिशनच्या आदल्या दिवशी सेन्सर मेला तर पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच कामाला येतो, तेव्हा सेन्सर आधीच दोन घेऊन ठेवा, महाग नसतो. स्वस्तातल्या उनोवर बऱ्याचदा यूएसबीसाठी सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागू शकतो. आणि ड्रायव्हर टाकूनही लॅपटॉपवर बोर्डाचं पोर्ट दिसतच नसेल तर केबल बदलून बघा आधी! काही यूएसबी केबल फक्त चार्जिंगच्या असतात, डेटा जातच नाही, आणि लोक उगाच विंडोज फॉरमॅट करायला निघतात.

आता सेन्सर. त्याच्या ट्रिग पिनला १० मायक्रोसेकंदाचा पल्स (विजेचा छोटा इशारा) दिला की तो कानाला ऐकू न येणारा आवाज सोडतो, आवाज समोरच्यावर आपटून परत येतो, जाऊन यायला किती मायक्रोसेकंद लागले ते इको पिनवर मिळतं, त्याला ५८ ने भागलं की सेंटिमीटर. दोन रीडिंगमध्ये निदान ६० मिलिसेकंद थांबा, नाहीतर मागचाच आवाज फिरून येतो. कागदावर रेंज २ ते ४०० सेंटिमीटर आहे, पण माणसांच्या बाबतीत अडीच मीटरपलीकडे फार भरवसा ठेवू नका, कारण मऊ कपडा आवाज पिऊन टाकतो. लोकरी स्वेटर, घोळदार ओढणी, असं कोणी समोर आलं की रीडिंग कधी शून्य, कधी भलताच मोठा आकडा. आणि शून्य म्हणजे कोडच्या मते माणूस अगदी सेन्सरला चिकटलाय, मग रांगोळी फाडकन पूर्ण!

त्यावर उपाय असा की २० च्या खालचा आणि ३०० च्या वरचा आकडा आला की तो टाकून द्यायचा आणि मागचीच चांगली किंमत धरून ठेवायची, पण सलग दोनेक सेकंद कचराच येत राहिला तर समोर कोणी नाही असं समजून हळूहळू ठिपक्यांवर परत. उरलेले आकडेही नाचत असतात, म्हणून ते थेट ड्रॉइंगला लावू नका, लर्प (जुन्या आकड्याकडून नव्याकडे थोडंथोडं नेणारं फंक्शन) वापरा, दर फ्रेमला दोघांतल्या फरकाच्या दहाव्या भागाइतकंच सरका. एवढ्या एका ओळीने थरथर जाते आणि रांगोळी कोणीतरी हाताने काढतंय असं वाटायला लागतं. माझ्या मते सगळ्या प्रोजेक्टमधली सगळ्यात जास्त मार्क देणारी ओळ हीच.

चित्राची बाजू लॅपटॉपवर प्रोसेसिंग नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये करा, कोड लिहून चित्र काढायचं ते. २००१ मध्ये एमआयटी मीडिया लॅबमधल्या केसी रीस आणि बेन फ्राय यांनी ते सुरू केलं तेच मुळात कलावाल्यांना कोड लिहिता यावा म्हणून, आणि फुकट आहे. असल्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर टचडिझायनर भारी आहे मान्य, पण त्याच्या फुकटच्या लायसन्सला १२८० बाय १२८० पिक्सेलची मर्यादा आहे, आणि एका सेमिस्टरमध्ये दोन नवीन गोष्टी शिकायचा अट्टाहास कशाला. आर्डुइनो आणि प्रोसेसिंग, दोन्हीकडे बॉड रेट (आकडे पाठवायचा वेग) सारखाच ठेवा, ९६०० चालतो. पोर्ट बिझी असा एरर आला तर आर्डुइनोचा सिरियल मॉनिटर (आलेले आकडे दाखवणारी खिडकी) उघडा राहिलाय, तो बंद करा, एका वेळी एकच प्रोग्राम पोर्ट धरू शकतो.

आणि हो, रांगोळी सुंदर करायच्या आधी नुसता एक गोल काढा जो माणूस जवळ आला की मोठा होतो. हा गोल प्रोजेक्टरवर, खऱ्या खोलीत, खऱ्या माणसासमोर चालेपर्यंत रंग, फॉन्ट, म्युझिक कशालाही हात लावायचा नाही.

खोलीत गेलात की टेप घेऊन मोजा. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल आणि चित्र २ मीटर रुंद हवं असेल तर तो ३ मीटर मागे जाणार, म्हणजे लोक मध्ये येणार आणि सावल्या पडणार, तेव्हा तो उंचावर टांगायची सोय आधीच विचारून ठेवा. सेन्सर कमरेच्या उंचीवर लावा, आजूबाजूला टेबल-खुर्ची नको, तो त्यांनाही माणूस समजतो. साधी यूएसबी केबल ५ मीटरच्या वर ताणू नका. जंपर वायर हॉट ग्लूने चिकटवा, प्रदर्शनात कोणाचा तरी पाय लागतोच. डिस्प्ले एक्स्टेंड मोडमध्ये, स्लीप बंद, अपडेट बंद, आणि व्हॉट्सअॅप लॉगआउट, नाहीतर रांगोळीवर आईचा ‘जेवलीस का’ झळकतो आणि ज्युरी तेच लक्षात ठेवतात.

टेस्टिंगला वर्गातली मुलं नको, त्यांना सगळं माहीत असतं. कँटीनवाल्या काकांना किंवा लायब्ररीतल्या मॅडमना बोलवा आणि काहीही न सांगता गप्प उभे राहा. ते भिंतीपासून लांबच थांबले तर फरशीवर टेपने पावलं काढा.

व्हिडिओ ज्युरीच्या आदल्या दिवशीच काढा, पोर्टफोलिओत तोच जाणार आहे. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/६० वर, नाहीतर काही प्रोजेक्टरांचे रंगीत पट्टे दिसतात. आणि फ्रेममध्ये चालत येणारा माणूस पाठमोरा दिसलाच पाहिजे, नुसती भिंत शूट केलीत तर बघणाऱ्याला ते स्क्रीन रेकॉर्डिंग वाटतं.