मातीतलं विष तपासताय? या चुका टाळा

“साहेब, आमच्या मातीत विष आहे का ते बघा,” असं म्हणत कुणी टेबलावर पिशवी ठेवली की मी माती नंतर बघतो, आधी पिशवी बघतो. बऱ्याचदा ती डीएपी खताची रिकामी गोणी असते. डीएपीसारख्या फॉस्फेटच्या खतात कॅडमियम हा विषारी धातू मुळातच थोडाफार असतो, आणि त्याच गोणीत माती भरून आणणारा माणूस मला कॅडमियम तपासायला सांगत असतो. अशी माती मी परत पाठवतो. राग आला तरी चालेल.

दुसरा नेहमीचा प्रकार मृदा आरोग्य पत्रिकेचा. “सरकारी कार्डात सगळं बरोबर आहे, मग कारखान्याचं पाणी शेतात आलं तर काय बिघडलं?” २०१५ पासून मिळणाऱ्या या पत्रिकेत बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम यांचं त्यात नावही नाही. जस्त आणि तांबं आहे, पण ते पिकाला कमी पडतंय का एवढंच बघायला. ही पत्रिका खताचा हिशेब लावण्यासाठी आहे. तिच्यावरून माती निर्विष ठरवू नका.

घमेलं

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तिच्यापायी एका गावाची खरी तक्रार वाया गेलेली मी पाहिली आहे.

गाव धुळे जिल्ह्यातलं, औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला. नाल्याला रंगीत पाणी यायचं आणि त्याच नाल्यावर मोटारी टाकून लोक मेथी, पालक, कोथिंबीर पिकवायचे. गावातल्या तरुण पोरांनी मनावर घेतलं. कुणाला काही न विचारता माती गोळा केली आणि खाजगी प्रयोगशाळेत देऊन आले. अहवालात जस्त नेहमीच्या कैक पट. संध्याकाळपर्यंत तो कागद सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला आणि दोन दिवसांत व्यापाऱ्यांनी त्या गावचा माल घेणं सोडलं. एक म्हातारे बाबा माझ्याकडे आले तेव्हा एवढंच म्हणाले, “भाऊ, आते आमनी मेथी कोनी लेत नही.”

मी पोरांना विचारलं, माती कशात कालवली? पत्र्याच्या घमेल्यात. नवंकोरं, चकचकीत घमेलं, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं. त्यातच ढेकळं फोडली, लोखंडी पावड्यानं खरवडून खरवडून एकजीव केली. बरं, माती घेतली कुठून? मोटारीच्या खोलीला लागून, तारेच्या कुंपणाखालून, “कारण तिथं चिखल नव्हता.” कुंपणाच्या तारेलाही जस्ताचाच मुलामा. पावसानं धुऊन ते सगळं खालीच उतरतं.

नीट नमुने घेतले तेव्हा शेतातलं जस्त साधारणच निघालं. नाल्याच्या तळच्या गाळात मात्र क्रोमियम भरपूर होतं. तक्रार खरी होती! पण तोवर कारखान्याकडून आलेला माणूस पहिला अहवाल बैठकीत फडकवून मोकळा झाला होता: “हे लोक काहीही आणतात.” पुढे त्या गाळाचा कागद वाचायला कुणी बसलंच नाही. दोन दिवसांची घाई त्या गावाला फार महागात पडली.

माझी पद्धत अगदी साधी आहे. प्लॅस्टिकचा टब, स्टेनलेस स्टीलची खुरपी नाहीतर बांबूची चीप, आणि कोरी प्लॅस्टिकची पिशवी. रस्ता, बांध, विजेचा खांब, उकिरडा, मोटारीची खोली या सगळ्यांपासून दूर. वरची पाच सेंटिमीटर माती वेगळी, त्याखालची पंधरा-वीसपर्यंतची वेगळी. हवेतून पडलेली धूळ आणि राख वरच्या थरात बसते, दोन्ही थर कालवले की ती खालच्या मातीत हरवते. मे महिन्यात आपल्या काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती त्यांतून खाली जाते. म्हणून भेगेजवळ खणू नका.

आणि तुलनेचा एक नमुना नाल्यापासून लांबच्या, तशाच काळ्या रानातून घ्याच. लोक हाच टाळतात, “कशाला जास्तीचे पैसे?” म्हणून. आपली माती बेसॉल्टपासून झालेली. तिच्यात क्रोमियम, निकेल, तांबं निसर्गतःच जास्त असतं. इंटरनेटवरून युरोपातली मर्यादा उचलून तिच्याशी ताडलं तर सातपुड्याच्या पायथ्याचं चांगलं रानही दूषित ठरेल.

“सगळं तपासा” असंही सांगू नका. शेजारी काय आहे ते सांगा. मुलामा देण्याचं काम असेल तर क्रोमियम-निकेल, जुन्या बॅटऱ्या फोडत असतील तर शिसं, कोळशाची राख उडत असेल तर आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन.

“भाजी धुतली की झालं”

अर्धं खरं. शिसं मुळातून पानापर्यंत फारसं चढत नाही, ते येतं पानावर बसलेल्या धुळीतून आणि मुळाला चिकटलेल्या मातीतून. त्यामुळे मेथीची जुडी दोन-तीन पाण्यांतून काढली, मुळा-गाजर सोलून घेतलं, की त्यातलं बरंच जातं. कॅडमियमचं उलटं. ते मुळातून आत शिरतं आणि पानात साठतं. मीठ, सोडा, व्हिनेगर, बाजारातली ‘व्हेजी वॉश’ची बाटली, काहीही वापरा, ते हलत नाही. शिजवूनही जात नाही, धातू आहे तो. सगळे भीत असतात ती केळीला, पण फळात जातं ते पानाच्या मानानं थोडं. मला काळजी असते ती नाल्याच्या पाण्यावरच्या पालकाची.

राखेचंही एकदा सांगून ठेवतो. मावा पडला की भाजीवर राख धुरळायची आपल्याकडे पद्धत आहे. ती चुलीतल्या लाकडाची असेल तर धुरळा. वीजकेंद्राची राख फुकट मिळते म्हणून पालेभाजीवर टाकू नका. तिचं काम विटांत आणि सिमेंटात.

गावरान अंडं

दुकानातलं अंडं नको, दारातल्या कोंबडीचं हवं, हा हट्ट मला कळतो. पण ती कोंबडी दिवसभर कुठं चरते ते बघितलंय का? मी ज्या घरी गेलो होतो तिथं गोठ्यामागे भंगाराचा धंदा होता. तांब्यासाठी वायर जाळायचे. जमिनीवर काळा, तेलकट थर, त्यात वितळलेल्या प्लॅस्टिकचे मणी, आणि दहा-बारा कोंबड्या नेमक्या तिथंच पायानं उकरत होत्या. त्यांचीच अंडी घरातल्या बाळंतिणीला.

वायरीवरचं पीव्हीसी प्लॅस्टिक म्हणजे क्लोरीन आलं. ते जळताना डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि तांबं स्वतःच त्याला हातभार लावतं. डायॉक्सिन चरबीत साठतं. कोंबडी दाण्याबरोबर माती गिळते, मातीतलं ते अंड्याच्या पिवळ्या बलकात उतरतं. माणसाच्या शरीरातून त्यातलं निम्मं जायला सात ते अकरा वर्षं लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे माणसाला मिळणाऱ्या डायॉक्सिनपैकी ९० टक्क्यांहून जास्त अन्नातूनच येतं, मुख्यतः मांस, दूध, मासे यांतून. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात २०२१ साली जुन्या कचरा-भट्टीमुळे मातीत डायॉक्सिन सापडलं, तेव्हा तिथल्या लोकांनाही घरच्या अंड्यांबाबत सावध केलं गेलं. भट्टी बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती.

वायरीसारख्याच लोक ठिबकच्या काळ्या नळ्याही जाळतात. त्या पॉलिथिनच्या असतात, त्यात क्लोरीन नसतं, पण पीव्हीसीच्या मेनलाइनचे तुकडे त्याच ढिगात पडतात. म्हणून मी वाद न घालता सांगतो, दोन्ही जाळू नका. जाळलेल्या जागेला कुंपण घाला, दाणे जमिनीवर न उधळता भांड्यात द्या, म्हशीचा कडबाही तिथं टाकू नका.

“मग आता शरीरातून काढायला काय घ्यायचं?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. हळदीचं दूध आणि ‘डिटॉक्स’चा काढा विकणारे तुम्हाला उत्तर देतील, मी देणार नाही. मुलांना लोह आणि कॅल्शियम पुरेसं मिळालं तर शिसं आतड्यातून कमी शोषलं जातं. आणि मातीत खेळून आलेल्या पोराचे हात जेवणाआधी धुवा, कारण पोटात गेलेलं शिसं मुलं मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त शोषतात. रक्तातलं शिसं तपासायचं झालं तर शिरेतून रक्त द्या. बोट टोचून घेतलेल्या थेंबात बोटावरची धूळ मिसळते आणि आकडा फुगतो. डोक्याचे केस मागवून ‘संपूर्ण विषतपासणी’ करून देणाऱ्यांना पैसे देऊ नका.