या चुका टाळा: गाडी धुवायचा स्पंज नुसता मऊ असून भागत नाही

गाडी काळी किंवा गडद निळी असेल तर एकदा तपासून बघा. धुऊन, पुसून कोरडी झाली की रात्री मोबाइलचा टॉर्च बॉनेटजवळ धरा. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे दिसतात का? मुळात ते चरे गोल नसतातच. ते वाटेल त्या दिशेला पडलेले असतात, त्यातले उजेडाला आडवे येणारे तेवढे चमकतात आणि आपल्याला वर्तुळं दिसतात. टॉर्च सरकवला की वर्तुळंही सरकतात. डिटेलिंगवाले (गाडी बारकाईने साफ आणि पॉलिश करणारे) यांना स्वर्ल मार्क म्हणतात. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवरही ते असतात, फक्त सहज दिसत नाहीत.

मालक मग कंपनीच्या रंगाला नावं ठेवतो, नाहीतर उन्हाला. पण हे चरे बहुतेक वेळा धुण्यापुसण्यातूनच आलेले असतात. हल्लीच्या गाड्यांवर रंगाच्या वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. आणि रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. खनिजांच्या कठीणपणाच्या मोह्झ मापावर क्वार्ट्झ 7 वर येतं, साध्या लोखंडी खिळ्याहून कठीण. असा एखादा कण स्पंज आणि पत्रा यांच्या मध्ये सापडला की तुमचा स्पंज लोण्याइतका मऊ असला तरी काही उपयोग नाही. हात फिरेल तिथे तो कण रेघ ओढत जातो.

म्हणून दुकानात स्पंज किंवा मिट (गाडी धुवायची हातमोज्यासारखी पिशवी) दाबून "वा, काय मऊ आहे" म्हणण्याआधी हे बघायचं, की निघालेली कच यात जाणार कुठे?

पहिली चूक: तो पिवळा स्पंज

ॲक्सेसरीजच्या दुकानात दोरीला टांगलेला असतो तो. हलका, स्वस्त, पाणी भरपूर धरतो. पण त्याचं तोंड सपाट असतं. कण त्याच्या वरच्या छिद्रांत अडकतो, आत शिरायला वाट नसते, आणि तळहाताचा सगळा दाब थेट त्या कणावर येतो. बादलीत दोनदा पिळलात तरी काही कण तिथेच घट्ट बसून राहतात. बोटाने चाचपलं तर लागतात.

मिटला लांब धाग्यांची लव असते. कण धाग्यांमधून बुडाशी जातो, पत्र्यापासून लांब राहतो, आणि पाण्यात हलवली की सुटून खाली बसतो. मिटचा खरा फायदा हा आहे. मऊपणा त्यानंतर येतो.

टाइल्सच्या फटी भरताना मिस्त्री वापरतात तो दाट स्पंज काही अनुभवी लोक गाडीसाठी वापरतात, हे खरं. पण ते स्पंज निथळत ठेवतात, दाब अजिबात देत नाहीत आणि दर थोड्या वेळाने बाजू बदलतात. रविवारी सकाळी घाईत गाडी धुणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

दुसरी चूक: मोरीतल्या आणि ओट्यावरच्या वस्तू

स्कॉच ब्राइटची हिरवी घासणी भांड्यांवरचं करपलेलं काढते, कारण तिच्यात घासणारे कठीण कण मुद्दाम घातलेले असतात. एका बाजूला पिवळा स्पंज आणि दुसऱ्या बाजूला हिरवी घासणी असा जोडस्पंज तर गाडीच्या आसपासही आणू नका. साबणाच्या फेसात कुठली बाजू खाली आहे ते कळत नाही.

याहून फसवा तो पांढरा मेलामाइनचा स्पंज. भिंतीवरचे पेनाचे डाग जादूसारखे काढतो, हाताला लोण्यासारखा लागतो. तो काम करतो अगदी बारीक घासकागदाचं. कबुतराची वाळलेली विष्ठा त्याने निघेल, आणि डागाच्या जागी तळहाताएवढा निस्तेज पट्टा राहील. विष्ठेवर ओलं फडकं थोडा वेळ ठेवून ती भिजू दिली की ती आपसूक उचलली जाते.

जुना बनियन, पंचा, फाटलेल्या साडीचा तुकडा हे घराघरांत चालतं. सुती कापड वाईट नाही, पण त्याची वीण सपाट, म्हणजे पिवळ्या स्पंजचीच अडचण. शिवाय बनियनची शिवण, पंचाची जाड किनार, कुठे राहून गेलेलं बटण. एवढंच वापरायचं असेल तर काचांसाठी आणि दाराच्या आतल्या कडांसाठी ठेवा.

तिसरी चूक: एक बादली, एक फडकं, दहा गाड्या

सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारे दादा येतात. लोक ऑफिसला निघायच्या आत दहा-बारा गाड्या उरकायच्या असतात, पाणी मोजून मिळतं. शेजाऱ्याची गाडी कालच ताम्हिणी घाटातून चिखल घेऊन आली असेल, तर तिची कच तुमच्या बॉनेटवर येणारच. यात त्या माणसाचा दोष शोधण्यात अर्थ नाही; महिन्याला जे पैसे आपण देतो त्यात एवढंच होतं.

यावर उपाय सोपा आहे. आपली बादली आणि आपल्या दोन मिट त्यांच्या हाती द्या, नाव घालून. आणि स्पष्ट सांगा: "दादा, रोज पुसू नका. रोज फक्त काचा करा. आठवड्यातून दोनदा पाणी मारून धुवा, पैसे तेवढेच." पहिल्यांदा ते चमकून बघतील, कारण बहुतेक मालकांना सकाळी गाडी चकचकीत दिसायला हवी असते. कोरड्या धुळीवर कोरडं फडकं फिरवणं ही सगळ्या चुकांची राणी आहे, आणि ती आपण पगार देऊन करवून घेतो. डिकीत असतो तो लाल-निळा धाग्यांचा झटकणाही त्याच जातीचा. हलक्या ताज्या धुळीवर वजन न देता फिरवला तर ठीक, पण कोकणातून परतल्यावर बसलेल्या लाल मातीवर अजिबात नको.

चौथी चूक: मिट घेताना फक्त रंग आणि फुगीरपणा बघणं

मिट उलटी करून बघा. पाठीच्या बाजूला बऱ्याचदा जाळी शिवलेली असते, किडे खरवडण्यासाठी. ती जाळी काचेवर चालेल, रंगावर नको. आतल्या शिवणीवर प्लास्टिकचं कडक लेबल असेल तर कापून टाका. ते बाहेर डोकावलं की चरा पाडतंच. मनगटाचं इलॅस्टिक सैल असेल तर मिट दरवाजाजवळ हातातून निसटते आणि थेट फरशीवर पडते.

प्रकार मुख्य तीन. शेनिल म्हणजे जाड अळ्यांसारखी बोंडं असलेली मिट. आपल्याकडे सगळीकडे मिळते. चांगली आहे, पण अळ्यांच्या मुळाशी कच दडते, ती दरवेळी बोटांनी फाकवून धुवावी लागते आणि तेच कोणी करत नाही. लोकरीची मिट सगळ्यांत नाजूक हात फिरवते. मात्र ती केस सोडते, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात वाळता वाळत नाही, वास मारते, वाळली की कडक होते. तिसरी लांब लवेची मायक्रोफायबर. रोजच्या वापराला माझं मत हिलाच. पटकन धुतली जाते, पंख्याखाली वाळते.

शंका असेल तर घरातली जुनी सीडी काढा. मिट ओली करून तिच्या चमकत्या बाजूवर थोडा दाब देऊन फिरवा आणि उन्हात धरा. सीडीवर रेघा उठल्या तर ती मिट चाकांना. फिकट रंगाची मिट घ्या, म्हणजे अडकलेली माती डोळ्यांना दिसते. काळी मिट छान दिसते, पण काहीच सांगत नाही.

पाचवी चूक: मिट चांगली आहे म्हणून पाणी मारायचं टाळणं

कितीही भारी मिट असली तरी सैल कच आधी पाण्याने निघाली पाहिजे. पुण्यात, मुंबईत जिथे बांधकामं चालू आहेत तिथे दगड फोडून केलेल्या रेतीची पूड गाडीवर बसते, ती सगळी टोकदार. पाइप नसेल, टँकरचं पाणी असेल, तर रोपवाटिकेत मिळणारा दोन किंवा पाच लिटरचा हाताने हवा भरायचा फवारा घ्या. छतापासून खाली सावकाश मारा, चार-पाच मिनिटं भिजू द्या. सावलीतच, उन्हात शाम्पू वाळून डाग पडतात. (गावाकडे असाल तर तणनाशक मारलेला पाठीवरचा पंप याला वापरू नका, कितीही विसळला असला तरी.)

मग दोन बादल्या. एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. एक भाग धुतला की मिट आधी साध्या पाण्यात खंगाळायची, मग शाम्पूत. क्रम छत, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, आणि शेवटी दारांचा खालचा भाग व बंपर. सर्वांत जास्त कच खालीच असते. चाकांना वेगळी मिट, कारण ब्रेकच्या काळ्या पुडीत लोखंडाचे कण असतात. मिटचं स्वतःचं वजन पुरतं, वर जोर नको. गोल गोल फिरवण्यापेक्षा सरळ हात मारा. चरा पडलाच तर सरळ चरा एका बाजूने दिसतो, गोल चरा सगळीकडून.

काहीतरी बिघडलंय? लक्षणावरून कारण

मिट पत्र्यावर ओढल्यासारखी जाते, सरसर सरकत नाही: शाम्पू कमी पडलाय किंवा कपड्यांची पावडर वापरली आहे. पावडरीचे न विरघळलेले दाणे स्वतःच घासतात. भांड्यांच्या लिक्विडने सरकेल, पण गाडीवरचं वॅक्स उतरेल.

एकाच दारावर एक लांब, ठळक रेघ: एखादा मोठा खडा अडकला होता. मिट खाली पडली होती का, आठवा. पडलेली मिट नळाखाली धुतल्याशिवाय परत पत्र्याला लावायची नाही.

मिट कडक, खरखरीत झाली: बोअरवेलच्या जड पाण्याचे क्षार, नाहीतर फॅब्रिक कंडिशनर. क्षारांसाठी पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा. कंडिशनर मायक्रोफायबरच्या धाग्यांवर थर चढवतो, तो मिटसाठी कधीच नको. ब्लीच आणि इस्त्रीही नको. मशीनमध्ये टॉवेलांसोबत टाकली तर सुताचे तंतू तिच्यात घुसतात.

चऱ्यांचं जाळं आधीच पडलेलं असेल तर पॉलिश करून ते काढता येतं. पण प्रत्येक पॉलिशमध्ये क्लिअर कोटचा थोडा भाग घासूनच जातो, आणि आहे ते 40-50 मायक्रॉन. वर्षातून दोनदा "रबिंग-पॉलिश" करून देणाऱ्या दुकानाला आधी विचारा, की रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे का. नसेल तर तिथे नको.

धुऊन झाल्यावर मिट उलटी करून नळाखाली धरा, सावलीत वाळवा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. डिकीत जॅक आणि स्टेपनीच्या शेजारी टाकली की पुढच्या वेळची कच तिथूनच येते. लव चपटी झाली, गोळे व्हायला लागले की मार्करने त्यावर "चाक" लिहा, आणि बॉनेटसाठी नवी आणा.