व्हीपीएन बंद केला तरी वेबसाइट अडवते? या चुका टाळा

"काय व्हयनं काय मालूम भाऊ, काल चालू व्हतं." अमळनेरकडच्या एका विद्यार्थ्याने लॅपटॉप माझ्या काउंटरवर ठेवला. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, आणि पडद्यावर लाल चौकटीत एकच ओळ : तुम्ही व्हीपीएन किंवा प्रॉक्सी वापरत आहात. दोन्हींचं काम एकच : तुमची वाहतूक मधल्या दुसऱ्या यंत्रातून नेऊन वेबसाइटला त्या यंत्राचा पत्ता दाखवणं. त्याने व्हीपीएन बंद करून पाहिला होता, मग दुसरा टाकून पाहिला, मग ब्राउझर बदलला. जितकं बदलत गेला तितकं प्रकरण चिघळत गेलं.

जळगावात नेटवर्किंगचं काम करताना अशी माणसं मला दर आठवड्याला भेटतात. सावद्याचे केळीचे व्यापारी येतात, धुळ्याचे हिशेबनीस येतात, परदेशातून इथल्या बँकेचं खातं उघडू पाहणाऱ्या मुलाचे वडील येतात. बहुतेकांच्या मनात काही खोट नसते. त्यांना नडतो तो एक समज, की आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या कनेक्शनचा क्रमांक, बदलला म्हणजे आपण ओळखू येत नाही. आयपी ही फक्त पहिली पायरी आहे. वेबसाइट त्यानंतर तुमच्या कनेक्शनच्या चार-पाच खुणा एकमेकींशी ताडून पाहते आणि त्या जुळल्या नाहीत की दार लावते. यालाच नेटवर्क फिंगरप्रिंटिंग म्हणतात. कोणत्या खुणा कुठे फसतात हे कळलं, तर निम्म्या तक्रारी घरीच मिटतील.

चूक पहिली : "आयपी भारताचा आहे ना, मग झालं"

२८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने निर्देश काढले, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते आणि दिलेले आयपी पाच वर्षं जपून ठेवावेत. त्यावर काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हरच उचलले. त्यांच्या यादीत 'भारत' आजही दिसतो. तो आयपी भारताचा म्हणून नोंदवलेला असतो, यंत्र मात्र सिंगापूरला किंवा ब्रिटनमध्ये असतं.

आता हिशेब करू. काचेच्या तारेतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किमी जातो. जळगाव ते मुंबई रेल्वेने ४२० किमी. त्या अंतराला जाऊन-येऊन चार-पाच मिलिसेकंद पुरतात, वाटेतली यंत्रं धरून पंधरा-वीस म्हणा. पण मुंबईतल्या सर्व्हरचं उत्तर आधी सिंगापूरला, तिथून जळगावला आणि त्याच वाटेने माघारी येत असेल, तर समुद्र चार वेळा ओलांडावा लागतो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेतच सुमारे ३,९०० किमी आहे. म्हणजे पाऊणशे मिलिसेकंदांच्या आत ते शक्यच नाही. चलनावर गाडी भुसावळला भरली असं लिहिलंय, भुसावळ ते जळगाव तासाभराचीही वाट नाही, आणि ड्रायव्हर मात्र रात्रभर गाडी हाकल्यासारखा पेंगतोय, तर आडत्या चलन बघेल की ड्रायव्हरचे डोळे?

एकट्या उशिरावरून कोणी तुम्हाला व्हीपीएनवाला ठरवत नाही. पावसाळ्यात तार तुटली, टॉवरवर गर्दी झाली तरी वेळ लागतोच. पण प्रत्येक वेळी, प्रत्येक पानाला तेवढाच उशीर होत असेल तर तो अंतराचाच असतो. त्यामुळे जळगावात बसून भारतातलीच साइट उघडण्यासाठी 'भारत' सर्व्हर निवडू नका. त्या कामापुरता व्हीपीएन पूर्ण बंद ठेवा.

चूक दुसरी : पकडला जाऊ नये म्हणून 'घरचा आयपी' विकत घेणं

साधा व्हीपीएन ओळखणं सोपं असतं, कारण त्याचा आयपी डेटा सेंटरच्या नावावर असतो. प्रत्येक मोठ्या नेटवर्कला एक क्रमांक असतो. बीएसएनएलचा ९८२९, जिओचा ५५८३६. आयपी कोणत्या क्रमांकाखाली येतो हे जगात कुणालाही पाहता येतं. म्हणून काही जण रेसिडेन्शियल प्रॉक्सी घेतात. त्यात तुमची वाहतूक कुणाच्या तरी घरच्या इंटरनेटमधून बाहेर पडते, आणि नोंदीत ते साधं घरगुती कनेक्शन दिसतं. इथेच फिंगरप्रिंटिंग खरं कामाला येतं.

प्रॉक्सीमध्ये वेबसाइटशी होणारी टीसीपीची, म्हणजे कनेक्शन जोडण्याच्या नियमांची, पहिली ओळख तुमच्या लॅपटॉपची नसते, त्या घरातल्या यंत्राची असते. त्यावर चढणारं टीएलएसचं, म्हणजे मजकूर गुप्त ठेवणारं, कुलूप मात्र प्रॉक्सीला उघडता येत नाही. ते थेट तुमच्या ब्राउझरशी बोलतं. म्हणजे वेबसाइटच्या हातात एकाच कनेक्शनची दोन घड्याळं आली. टीसीपीचं उत्तर २० मिलिसेकंदांत आलं आणि टीएलएसचं १८० मध्ये, तर मधले १६० कुठे गेले? त्या घराच्या मागे आणखी कुणीतरी बसलंय. घरच्या सरळ कनेक्शनवर ही दोन घड्याळं जवळपास एकच वेळ दाखवतात.

दुसरी खूण अशी. टीसीपीचं पहिलं पाकीट, म्हणजे डेटाचा पहिला तुकडा, प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या पद्धतीने भरते. पाकीट वाटेत किती यंत्रं ओलांडू शकतं तो आकडा, म्हणजे टीटीएल, विंडोज १२८ पासून मोजायला लागते, लिनक्स आणि अँड्रॉइड ६४ पासून. लिनक्स त्यात सहसा वेळेचा शिक्का घालते, विंडोज आपणहून घालत नाही. पर्यायांचा क्रमही दोघांचा वेगळा. ब्राउझर म्हणतोय मी विंडोजवर आहे आणि पाकीट अँड्रॉइडच्या टीव्ही बॉक्सचं दिसतंय, तर दोघांपैकी एक खोटं बोलतोय. ही विद्या काही कालची नाही. मिखाल झालेव्स्की यांचं पी०एफ हे साधन पंचवीसेक वर्षांपासून हेच करतंय, तेही समोरच्याला एकही जादा पाकीट न पाठवता.

माझं मत स्पष्ट आहे : रेसिडेन्शियल प्रॉक्सी विकत घेऊच नका. ती ओळखू येते हे एक कारण. त्याहून मोठं कारण हे, की ते घर कुणाचं आहे हे तुम्हाला कधीच सांगितलं जात नाही, आणि आपलं इंटरनेट असं वापरलं जातंय हे अनेकदा त्या घरालाही माहीत नसतं.

चूक तिसरी : आपलंच घर प्रॉक्सी झालंय हे न ओळखणं

ही सगळ्यात जास्त जिवाला लागणारी गोष्ट, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फैजपूरजवळच्या एका दुकानदाराने मला बोलावलं. प्रत्येक साइट त्यांना 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा' म्हणत होती, ट्रॅफिक सिग्नलची चित्रं निवडून ते कंटाळले होते, आणि पैसे भरायच्या पानावर तर प्रवेशच बंद. दुकानात व्हीपीएन नाही, प्रॉक्सी नाही. मी रात्री दुकान बंद व्हायच्या वेळी गेलो. संगणक बंद केला, दोन्ही मोबाइल वायफायवरून काढले. तरी राउटरचा दिवा थांबेना. राउटरच्या सेटिंगच्या पानावर पाहिलं तर एक यंत्र सतत अपलोड करत होतं. टीव्हीमागे चिकटवलेला, बाजारातून स्वस्तात आणलेला अँड्रॉइड बॉक्स. त्याची वायर काढली आणि दिवा शांत झाला. त्या दुकानदारांच्या घरातल्या आजी म्हणाल्या, "अरे, त्यावर तर मी फक्त कीर्तन लावते."

अशी यंत्रं एक-दोन नाहीत. एफबीआयने जून २०२५ मध्ये बॅडबॉक्स २.० नावाच्या जाळ्याबद्दल इशारा दिला, आणि गुगलने पुढच्याच महिन्यात त्याविरुद्ध खटला भरताना सांगितलं, की प्रमाणपत्र नसलेली एक कोटीहून जास्त अँड्रॉइड यंत्रं त्यात अडकली आहेत. त्याच्या वर्षभर आधी, मे २०२४ मध्ये, अमेरिकेच्या न्याय विभागाने ९११ एस५ हे जाळं बंद पाडलं. त्यात १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी पत्ते होते. ते जमवले कसे, तर मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशी फुकट व्हीपीएन वाटून. लोकांनी लपण्यासाठी म्हणून ॲप टाकलं आणि त्याच ॲपने त्यांचं घर भाड्याने दिलं. त्या घरातून कुणी फसवणूक केली, तर पोलिसांना पहिला पत्ता त्या घराचाच मिळतो.

तपासणी कठीण नाही. रात्री एक मोबाइल सोडून बाकीचे संगणक-मोबाइल बंद करून राउटरचं पान उघडा, कोण जोडलेलं आहे आणि कोण किती पाठवतंय ते बघा. एकेक यंत्र काढत जा. दोषी बॉक्स सापडला तर रीसेट करून पुन्हा वापरू नका. खराबी अनेकदा कारखान्यातूनच आत बसवलेली असते, रीसेटने ती जात नाही. फुकट व्हीपीएन, गेमचे 'मॉड' आणि 'तुमचं उरलेलं इंटरनेट विकून पैसे कमवा' म्हणणारी ॲप्स मोबाइलमधून काढून टाका. त्यानंतरही तुमच्या आयपीवरचा ठपका लगेच पुसला जात नाही. काही दिवस धीर धरा, किंवा ऑपरेटरकडून आयपी बदलून घ्या.

चूक चौथी : बंद केलं म्हणजे बंद झालं असं धरून चालणं

अमळनेरच्या त्या विद्यार्थ्याचं हेच झालं होतं. ॲप बंद होतं, पण त्याच व्हीपीएनची एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, चालूच होती. दुसऱ्या ब्राउझरमध्ये त्याने दुसरी टाकली होती. दोन्ही काढल्या, विंडोजच्या सेटिंगमधला प्रॉक्सीचा रकाना रिकामा आहे ना ते पाहिलं, राउटर बंद-चालू केला. फॉर्म दहा मिनिटांत गेला.

लपून बसणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत : क्लाउडफ्लेअरचं वॉर्प, ऑपेरा ब्राउझरमधला व्हीपीएन, अँटिव्हायरससोबत आलेला व्हीपीएन, आयफोनवर पैसे भरून आयक्लाउड घेतलं असेल तर प्रायव्हेट रिले.

चूक पाचवी : अर्धवट झाकणं

काही व्हीपीएन फक्त जुन्या आयपीव्ही४ ची वाहतूक बोगद्यातून नेतात. आपल्याकडे मोबाइलवर नवा आयपीव्ही६ पत्ता सर्रास आहे, त्यामुळे तो पत्ता उघडाच राहतो. साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी डीएनएसची विचारणा घरच्या ऑपरेटरकडे जाते, ब्राउझरमधून व्हिडिओ कॉल करू देणारं वेबआरटीसी खरा पत्ता सांगून मोकळं होतं, आणि घड्याळ कोलकात्याच्या वेळेवर असताना आयपी जर्मनीचा दिसतो. कामासाठी कंपनीचा व्हीपीएन वापरत असाल तर ब्राउझर काय-काय उघड करतो ते दाखवणाऱ्या ब्राउझरलीक्ससारख्या पानावर एकदा हे बघा आणि जे दिसेल ते कंपनीच्या आयटीवाल्यांना दाखवा. स्वतः घड्याळ बदलत बसू नका. त्याने कॅलेंडर बिघडतं आणि बाकीच्या खुणा जागच्या जागी राहतात.

चूक सहावी : यूजर एजंट बदलून 'आयफोन' बनणं

यूजर एजंट म्हणजे ब्राउझर वेबसाइटला सांगतो ते आपलं नाव. एक्स्टेन्शन टाकून ते बदलता येतं, पण टीएलएसच्या पहिल्याच संदेशात ब्राउझर आपल्याला येणारी कुलुपं आणि जोडण्या, म्हणजे जादा सोयी, यांची यादी देतो. त्या यादीवरून ठसा काढायची जेए३ ही पद्धत २०१७ मध्ये सेल्सफोर्समधल्या तिघांनी मांडली. २०२३ च्या सुरुवातीला क्रोमने जोडण्यांचा क्रम दरवेळी बदलायला सुरुवात केली आणि जेए३ लटपटली. त्याच वर्षी आलेली जेए४ यादी आधी क्रमाने लावून घेते, त्यामुळे क्रम बदलून फरक पडत नाही. एक्स्टेन्शन फक्त नाव बदलते, हा ठसा तिच्या हातात नसतो. विंडोजवरच्या क्रोमने आयफोनचं नाव सांगितलं की तेवढ्यानेच संशय वाढतो.

चूक सातवी : पान अर्धं उघडतं म्हणून साइटला दोष देणं

हा त्रास बऱ्याचदा ब्लॉकचा नसून पाकिटाच्या मापाचा, म्हणजे एमटीयूचा, असतो. साध्या इथरनेटवर माप १५०० बाइट, फायबरच्या पीपीपीओई जोडणीवर १४९२, वायरगार्ड व्हीपीएनमध्ये सहसा १४२०. वेबसाइटलाही हे माप पाकिटातून कळतं आणि व्हीपीएनच्या खुणांमध्ये तेही मोजलं जातं. मोबाइल नेटवर्कवर ते मुळातच कमी असू शकतं, म्हणून त्या एकाच आकड्यावर सहसा कोणी अडवत नाही. पण व्हीपीएनवर पानाचं डोकं येतं आणि धड येत नाही अशी तक्रार असेल, तर व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये एमटीयू थोडा कमी करून बघा.

चूक आठवी : शेजाऱ्याचा ठपका आपल्या डोक्यावर घेणं

सगळं तपासलं, सगळं स्वच्छ आहे, तरी साइट अडवते. आयपीव्ही४ चे पत्ते एकूण ४२९ कोटीच आहेत, म्हणून ऑपरेटर एका पत्त्यामागे कित्येक ग्राहक बसवतात. राउटरच्या पानावर तुमचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्हीही अशा सामायिक पत्त्यावर आहात. चोपड्यात कुणाच्या टीव्ही बॉक्सने उद्योग केला तर ठपका तुमच्यावरही येऊ शकतो. मोबाइलवर एअरप्लेन मोड चालू-बंद करून बघा, बऱ्याचदा पत्ता बदलतो. दुकानाच्या कनेक्शनला ऑपरेटरकडे स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी मागा. रोजचा धंदा ऑनलाइन असेल तर तो खर्च वाया जात नाही.

आणि साइटला मेल करताना "तुमची साइट चालत नाही" एवढंच लिहू नका. 'माझा आयपी काय' असं शोधून दिसणारा पत्ता द्या, अडवलं ती तारीख आणि मिनिटासह वेळ भारतीय प्रमाणवेळेत द्या, अडवल्याचं सांगणाऱ्या पानावर खाली छापलेला लांबलचक संदर्भ क्रमांक जसाच्या तसा उतरवा, आणि व्हीपीएन कुठे-कुठे तपासून काढला ते दोन ओळींत सांगा. त्या क्रमांकावरून त्यांच्या माणसाला नेमकी कोणती खूण जुळली नाही ते शोधता येतं.