खंडेनवमीनंतरचे फोन: जुनी पदकं, बिल्ले, तलवारी जमवताना या चुका टाळा

दसऱ्यानंतरचे आठ दिवस मी फोन उचलायला घाबरतो. खंडेनवमीला घरातलं जे काही शस्त्र, पदक, बिल्ला असेल ते पेटीतून निघतं. त्याला चिंच, लिंबू, राख, पितांबरी, ब्रासो असं हाताला येईल ते चोपडलं जातं, पूजा होते, आणि मग मला फोटो येतात. ‘अण्णा, याचे किती येतील?’ फोटोतली वस्तू आरशासारखी लख्ख असते, आणि ती जितकी लख्ख, तितकं माझं तोंड कडू होतं.

पंचवीसेक वर्षं मी धुळे, जळगाव, नंदुरबारच्या आठवडे बाजारांत, भंगाराच्या गोदामांत आणि सराफांच्या मोडीच्या डब्यांत अशा वस्तू शोधत फिरतोय. त्यात नवख्यांच्या चुका पाहिल्या, आणि स्वतःच्या तर जास्तच. त्यातल्या काही पुन्हा पुन्हा सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

घासणं

पहिल्या महायुद्धाला गेलेल्या आपल्याकडच्या शिपायांना मिळालेलं ‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीचं असतं. व्यास ३६ मिलिमीटर, वजन अडीच-पावणेतीन तोळे. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा पुरुष आणि १९१४, १९१८ ही सालं. अशी पदकं लाखांनी वाटली गेली, त्यामुळे नुसत्या पदकाचं अप्रूप नाही. खरी गोष्ट त्याच्या कडेवर असते. जाडीच्या त्या अरुंद पट्टीवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते.

अमळनेरकडचा एक मुलगा, बँकेत नोकरीला, छंद लागून जेमतेम सहा महिने झालेले. जुन्या भांड्यांच्या हातगाडीवर त्याला हे पदक मिळालं. काळंकुट्ट होतं म्हणे. घरी येता येता त्याने ते ओळखीच्या सोनाराकडे टाकलं, दोनशे रुपयांत बफ मारून घेतलं आणि तसाच माझ्याकडे आला. ‘अण्णा, दख, कसं चमकी ऱ्हायनं!’

मी पदक उभं धरून दिव्याखाली फिरवलं. सुरुवातीला नंबराचे शेवटचे दोन आकडे लागत होते, आणि पार टोकाला ‘एल. आय.’ एवढंच. मधली सगळी पट्टी गुळगुळीत.

‘बफ मारण्याआधी वाचलं होतंस का?’

‘नाही ना. सगळं काळं होतं.’

एल. आय. म्हणजे लाइट इन्फन्ट्री. त्या काळी १०३, १०५, ११० या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. हा शिपाई त्यांतलाच की आणखी कुठल्या पलटणीचा, ते आता कळायची सोय नाही. १०३ आणि ११० मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुटच्या वेढ्यात सापडल्या होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला उपाशी सैन्याने हत्यारं खाली ठेवली. हा माणूस तिथे होता का? परत आला का? नाव आणि नंबर असता तर निदान कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, युद्धात मेलेल्यांच्या यादीत शोधून बघितलं असतं. ती यादी फुकट आहे, घरबसल्या बघता येते. त्या मुलाला मी रागावलो नाही, कारण तो रडायच्या बेताला आला होता. पण सोनाराला मात्र मनातल्या मनात बरंच काही बोललो.

माझी पद्धत साधी आहे. पदक हातात आलं की आधी कड वाचायची. वाचता येत नसेल तर कडेवर पातळ ट्रेसिंग कागद गुंडाळून मऊ पेन्सिल तिरकी फिरवायची. काळ्या पदकाचीसुद्धा अक्षरं कागदावर उमटतात. मग तिरप्या उजेडात चार फोटो. एवढं झाल्यावर जुन्या बनियनच्या तुकड्याने कोरडंच पुसायचं. चिकट तेल असेल तर कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब, आणि सावलीत वाळवायचं. बस्स. चांदी काळी पडते तो तिचा स्वभाव आहे, आजार नव्हे. ज्याला काळं बघवत नाही त्याने स्टीलची भांडी जमवावीत.

कडेवरचं नाव खरं कशावरून?

नाव असलं की भाव चढतो, म्हणून जुनं नाव कानशीने उडवून नवं ठोकणारेही आहेत. व्हर्निअर कॅलिपर घ्या आणि व्यास चार-पाच दिशांनी मोजा. कानस मारलेली कड कुठेतरी कमी भरतेच. ओतीव नक्कलही अशीच सापडते, कारण धातू थंड होताना आकसतो आणि पदक असलीपेक्षा जरा लहान निघतं. राजाच्या दाढीचे केस बोथट दिसले, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले, की खाली ठेवा आणि पुढच्या गाडीकडे चला.

उलट चूकही होते. हेच पदक ब्राँझमध्येही निघालं होतं, मजूर आणि इतर बिनलढाऊ पथकांतल्या लोकांसाठी. ‘चांदीचं नाही म्हणजे नकली’ म्हणून ते भंगारात फेकलेलं मी स्वतः उचललं आहे.

दुसऱ्या महायुद्धाचं वेगळं. ब्रिटनने स्वतःच्या शिपायांना ती पदकं कोरीच दिली, भारतात मात्र नाव घालून दिली. ‘बर्मा स्टार’सारख्या चांदण्यांवर नाव पाठीमागे असतं. त्यामुळे ‘हे आमच्या गावच्या शिपायाचं’ म्हणून कोरी चांदणी पुढे आली तर दोन प्रश्न जास्त विचारा.

पहिल्या महायुद्धाच्या पदकांची जोडी फोडू नका. चांदीचं पदक मोडीत घालून त्याच्यासोबतचं ब्राँझचं ‘व्हिक्टरी मेडल’ तेवढं पोरांना खेळायला द्यायचं, हे आपल्या भागात सर्रास झालं आहे. व्हिक्टरी एकटं दिसलं की जोडीदार कुठे गेला ते विचारा. कधी कधी त्याच घराच्या फळीवर दुसरा डबा असतो.

फीत मळली म्हणून बदलू नका. बदलायचीच असेल तर जुनी पाकिटात घालून पदकाजवळ ठेवा. नोटा तपासायची निळी टॉर्च फितीवर मारून बघा. दोऱ्याने झगझगीत उजेड फेकला तर तो बहुधा युद्धानंतरचा. ‘बहुधा’ म्हणतो, कारण कुणाच्या तरी आईने ती खरी फीत निरम्यात धुतलेली असते आणि मग तीही चमकते.

१९४७ चं स्वातंत्र्याचं पदक, १९६५ चं समर सेवा, १९७१ चे पूर्वी आणि पश्चिमी स्टार याकडे नवखे ढुंकून बघत नाहीत, कारण त्यांवर राजाचा मुखवटा नाही. मला हा उतावळेपणा समजतच नाही. त्यांच्यावरही नंबर-नाव असतं, आणि ज्याचं नाव आहे तो माणूस किंवा त्याची बायको कदाचित चार कोसांवर हयात असते. जाऊन विचारता येतं. आणि ते पदक परत हवंय म्हणाले, तर देऊन यावं.

बिल्ले

पुढची बाजू सगळेच बघतात. तुम्ही मागची बघा. ठशातल्या पत्र्याच्या बिल्ल्यावर पुढचा उंचवटा मागे खळगा होऊन दिसतो, ओतीव नकलेची पाठ सपाट किंवा खरबरीत असते. मागच्या कड्या नव्या चकचकीत डाखाने चिकटवलेल्या असतील तर का, ते विचारा.

मुकुट आणि सिंह यांत घोळ घालू नका. प्रजासत्ताक झाल्यावर आपल्या सैन्याच्या चिन्हांतून मुकुट गेला आणि अशोकाचे सिंह आले. तेव्हा सिंह असलेला बिल्ला ‘आजोबांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीत घातलेला’ असू शकत नाही. मराठा पलटणीच्या जुन्या बिल्ल्यावर इंग्रजी स्पेलिंगही जुनं असतं, मध्ये ‘एच’ आणि पुढे दोन ‘टी’.

खानदेशात हमखास पुढे येणारा माल म्हणजे ‘भिल्ल कोअरचा बिल्ला’. जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ मध्ये भिल्लांची पलटण उभारली आणि धरणगावला तिचं ठाणं होतं, हा इतिहास खरा. पण बिल्ल्यावर ठळक आकड्यांत १८२५ आणि मागे साडीला लावायची पिन, असा ऐवज मला तीन वेळा दाखवला गेला. तिन्ही वेळा पिन नवीच होती.

ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘राम दरबार’ नाण्याबद्दल विचारू नका. कंपनीने असलं नाणं कधी पाडलं नाही. त्याने तांदूळ ओढला जातो असं सांगणारा भेटला तर पाकीट सांभाळा.

तलवार, आणि माझी स्वतःची माती

ही चूक माझी, म्हणून सविस्तर. छंदाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी चाळीसगावकडच्या एका भंगाराच्या गोदामात मला एक तलवार मिळाली. पातं गंजलेलं, मुठीत वर्षानुवर्षांचं तेल, हळद आणि कुंकू यांचा थर. मुल्हेर आपल्या जुन्या खानदेशातलं, बागलाणातलं. तिथली मूठ नावाजलेली, हे मी नुकतंच कुठेतरी वाचलं होतं. त्यामुळे ही मुल्हेरी मूठच असणार, असं मी गोदामाच्या दारातच ठरवून टाकलं. घरी आलो, पातेल्यात पाणी उकळलं, मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि मूठ त्यात बुडवून ठेवली. तेल निघालं. दहा मिनिटांनी मी मूठ धरून तलवार उचलली, तर मूठ हातात आणि पातं खाली फरशीवर.

आपल्या तलवारीची मूठ बहुतेक वेळा आतून पोकळ असते. पात्याचा आखूड शेपटा तिच्यात घालून भोवती लाखेचं मिश्रण भरलेलं असतं. खिळा नाही, स्क्रू नाही, नुसती लाख. उष्णता लागली की लाख मऊ पडते. हे कुठल्याही जुन्या शिकलगाराने मला एका वाक्यात सांगितलं असतं. पण विचारायला वेळ कुणाला होता?

पुढची चूक पहिलीपेक्षा वाईट. लाज वाटली म्हणून कुणाला न सांगता मी एम-सील भरलं. ते आजही आत आहे. लाख पुन्हा तापवून काढता येते, एम-सील फोडल्याशिवाय निघत नाही. शिवाय पातं अर्ध्या बोटाने तिरकं बसलं. परजेकडून, म्हणजे मुठीच्या आडव्या पट्टीकडून, बघितलं की अजून डोळ्यात खुपतं.

म्हणून मूठ कधी उकळू नका, भर उन्हात मोटारीच्या डिकीत ठेवू नका, सैल वाटली तरी ठोकू नका. गंजावर मशीनचा किंवा शिरीषकागदाचा काही प्रयोग नको. हलकं तेल लावून दोन दिवस ठेवा, कापडाने पुसा, पुन्हा लावा. महिना गेला तर जाऊ द्या. घाई करून पाॅलिश पेपर मारलात तर पात्यातलं जौहर, म्हणजे पोलादातली ती पाण्यासारखी नक्षी, दिसेनाशी होते. बफ मशीनने मुठीवरची कोफ्तगिरी जाते. ती सोन्या-चांदीची तार लोखंडावर ओरखडे पाडून वरून ठोकलेली असते, तिची जाडी ती काय.

‘शिवकालीन’ या शब्दावर एक पैसाही जास्त देऊ नका. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचं सामान बघताना एकाने मला पात्यावर शके कोरलेली तलवार दाखवली होती. कोरीव इतकं सरळ आणि एकसारखं, की लग्नपत्रिका छापावी तसं. पण पातं एका काळचं आणि मूठ दुसऱ्या काळची, एवढ्यावरून तलवारीला नकली ठरवू नका. आपल्याकडे चांगली पाती पिढ्यान्‌पिढ्या नव्या मुठींत बसवली जात. परदेशी पात्याला देशी मूठ म्हणजेच तर फिरंगी. दातेरी चंद्रकोरीचा छापही युरोपचा पुरावा मानू नका, आपल्या कारागिरांनीही तो खुशाल मारला.

‘जुनी आहे, चालतं’

चालत नाही. शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालच्या नियमांत तलवारी, संगिनी, खंजीर आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. घरची आणि शेतीची अवजारं वगळून. परवाना कुठे लागतो ते त्या त्या भागाच्या अधिसूचनेवर ठरतं. म्हणून आधी वकिलाला आणि पोलीस ठाण्यात विचारा, पैसे नंतर मोजा. माझ्या ओळखीच्या एकाने सणाच्या तोंडावर चादरीत गुंडाळलेली तलवार एसटीत वरच्या फळीवर ठेवली होती. त्याचा पुढचा आठवडा कसा गेला ते तो अजून सांगत नाही.

१०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष कायदा १९७२ मध्ये मोडते. परदेशातल्या गिऱ्हाइकाने कितीही रक्कम सांगितली तरी ती तुम्ही बाहेर पाठवू शकत नाही. हस्तिदंताची मूठ दिसली तर खरेदीचा विचारच सोडा.

टोप्या, फेटे

बांधलेला जुना फेटा उलगडू नका. घड्या परत तशा येत नाहीत. सोला टोपी शोल्याच्या भेंडाची असते, हलकी आणि किड्यांची आवडती. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवली तर आतला चामडी पट्टा तडकतो, पावसाळ्यात बुरशी धरते. मी आत जुन्या सुती धोतराचा बोळा भरून पुठ्ठ्याच्या खोक्यात, मधल्या खोलीत ठेवतो. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही.

वही

कुठे, कधी, कुणाकडून, कितीला, देणारा काय म्हणाला, आणि कडेवर काय लिहिलं होतं. वस्तू घरात आली त्याच रात्री हे लिहायचं. दुसऱ्या दिवशी गाव आठवतं, गल्ली आठवत नाही. देणाऱ्याची गोष्ट खोटी वाटली तरी तीही लिहायची, पुढे ‘खोटी वाटते’ असं घालून.

अमळनेरच्या त्या मुलाने पदक शेवटी माझ्याकडेच ठेवलं, बघवत नाही म्हणाला. त्याच्या पानावर मी लिहिलंय: ब्रिटिश वॉर मेडल, चांदी, फीत नाही, हातगाडीवरून, कड बफ केलेली. पलटण: लाइट इन्फन्ट्री, कुठली ते लागत नाही. नंबर: शेवटचे दोन आकडे. नावासाठी ओळ मोकळी सोडली आहे.